पंख्याचा उलटा नट

१९९०च्या दशकातली बीएमडब्ल्यू थ्री सीरिज, म्हणजे ‘ई३६’, घरी दुरुस्त करणारा बहुधा पाण्याच्या पंपापाशी वैतागतो. सहा सिलिंडरच्या गाडीत पंपाआधी पंखा काढावा लागतो. त्याचा ३२ मिलिमीटरचा नट उलट्या आट्यांचा. सवयीने फिरवला की आणखी आवळतो. शिवाय पान्यासोबत पंपाची पुलीही फिरते, म्हणून तिला अडवून धरायला वेगळी पट्टी लागते.

खरी डोकेदुखी प्लास्टिकची. वर्षानुवर्षे उष्णतेने ठिसूळ झालेलं रेडिएटरचं तोंड रबरी नळी ओढताना तुटतं आणि खर्च भलताच वाढतो. शेवटी इंजिन थंड असतानाच, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू सैल करून कूलंट हळूहळू ओतावं, बुडबुडे थांबेपर्यंत. हा स्क्रूही बऱ्याचदा प्लास्टिकचाच! बेताने आवळावा.