दहा हजारांतली गिटार आणि माझी फसलेली तुलना

"ताई, दहा हजारांच्या आत कोणती गिटार घेऊ?"

दोन वर्षांपूर्वी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेल्या एका ज्युनिअरने मला हे विचारलं. शिकवण्या घेऊन त्याने पैसे साठवले होते. मी सात-आठ वर्षं गिटार वाजवतेय, त्यात पीएच.डी. करतेय, म्हणजे मला कळत असणारच असा त्याचा समज. खरं सांगायचं तर माझाही तोच समज होता. आम्ही पुण्यातल्या एका दुकानात गेलो, मी तीन गिटारी पाच-पाच मिनिटं वाजवून बघितल्या आणि छातीठोकपणे सांगितलं, "ही तिसरी घे. आवाज बघ कसा भरलेला आहे!"

चार महिन्यांनी त्याच्या खोलीत गेले, तर गिटार दारामागे लटकलेली. म्हणाला, "ताई, बोटं फार दुखतात. माझ्यात ते नाहीच बहुतेक."

मी पट्टी घेऊन मोजलं. बाराव्या फ्रेटवर जाड तार साडेतीन मिलिमीटर वर होती. नवशिक्याला अडीचच्या आसपास हवी. म्हणजे दोष त्याच्यात नव्हता, माझ्या तुलनेत होता. आणि त्या चुकीची किंमत त्याने चुकवली, पैशांतही आणि आत्मविश्वासातही. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी म्हणून आजचा लेख. चुकीच्या पद्धतीने काढलेला निष्कर्ष कुणाच्या तरी आयुष्यात जाऊन पडतोच.

चूक १: एका वेळी किती गोष्टी बदलल्या?

प्रयोगशाळेत आपण पहिल्या दिवसापासून ऐकतो की एक चल बदला, बाकीचे स्थिर ठेवा. दुकानात मी काय केलं? तिसऱ्या गिटारीला कोऱ्या तारा होत्या, पहिल्या दोघींच्या तारा महिनोन्महिने ग्राहकांच्या घामाने काळवंडलेल्या. नव्या स्टीलच्या तारा चमकदार वाजतात, जुन्या झाल्या की वरचे स्वर मरतात. मी ज्याला 'गिटारचा आवाज' म्हणत होते, त्यातला बराचसा भाग तारांच्या वयाचा होता.

तारेची जाडीही बघावी लागते. तेवढ्याच लांबीच्या साध्या तारेतून तोच स्वर काढायचा असेल, तर लागणारा ताण व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पहिली तार ०.०१० इंचाऐवजी ०.०१२ इंचाची लावली की ताण १.४४ पट, म्हणजे ४४ टक्के जास्त. आवाज भरदार होतो आणि बोटंही जास्त दुखतात. गिटार तीच, निकाल वेगळा!

चूक २: लेबल वाचून ऐकणं

तिसरी गिटार तिघींत सगळ्यात महाग होती आणि ते मला आधीच माहीत होतं. कान स्वतंत्र असतात असं आपल्याला वाटतं, पण डोळे त्यांना आधीच उत्तर सांगून ठेवतात. शिवाय दोन आवाजांपैकी जो थोडासा मोठा असतो, तो आपल्याला 'चांगला' वाटतो. फरक इतका बारीक असतो की 'मोठा' म्हणून तो जाणवतही नाही.

यावर एक सुंदर संशोधन आहे. इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा स्टील-तारांच्या गिटारी मुद्दाम बनवून घेतल्या. आराखडा एकच, बाकी साहित्य एकच, फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड वेगळं. त्यात दुर्मिळ ब्राझिलियन रोझवूड होतं, आपल्या सह्याद्रीतही वाढणारा शिसव होता आणि महोगनी, मेपलसारखी लाकडंही होती. ५२ गिटारवादकांनी त्या वाजवून गुण दिले. खोलीत अंधुक उजेड आणि वादकांच्या डोळ्यांवर चक्क वेल्डिंगचे गॉगल, म्हणजे लाकूड ओळखताच येऊ नये! निबंध २०१८ साली प्रसिद्ध झाला. निकाल असा की सहाही गिटारींना मिळालेले गुण जवळपास सारखे. आणखी ३१ वादकांची ओळखण्याची चाचणी घेतली, त्यांनाही आवाजावरून किंवा हाताला लागणाऱ्या स्पर्शावरून गिटारी सहज वेगळ्या करता आल्या नाहीत.

आता इथे थांबा. हे वाचून "म्हणजे स्वस्त आणि महाग गिटार सारखीच" असं लिहिणारे पुष्कळ भेटतात. निबंध तसं म्हणत नाही. तिथे फक्त पाठ आणि बाजूंचं लाकूड बदललं होतं. वरची फळी सगळ्यांची सारखी होती आणि बनावट उत्तम होती. निष्कर्ष जेवढा आहे तेवढाच घ्यायचा, ही सवय लिटरेचर रिव्ह्यू करताना फार उपयोगी पडते.

वरची फळी महत्त्वाची, हे दाखवणारा प्रयोग तर त्याहून कितीतरी जुना आहे. स्पेनमधल्या अंतोनियो दे तोरेस या कारागिराने १८६२ साली पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून एक गिटार बनवली. वरची फळी मात्र नेहमीसारखी लाकडाची. म्हणणं एवढंच की आवाजाचा मुख्य कारभार या फळीकडे आहे. एकच गोष्ट बदलून मुद्दा तपासायचा, हे त्याला कुठल्याही रिसर्च मेथडॉलॉजीच्या पेपरशिवाय कळलं होतं.

चूक ३: एक नमुना म्हणजे मॉडेल नव्हे

"अमुक कंपनीची गिटार तमुकपेक्षा चांगली," असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात वाजवलेल्या असतात दोनच गिटारी. लँकेस्टरच्या अभ्यासात काळजीपूर्वक बनवलेल्या गिटारींच्या कंपनांतही थोडे फरक सापडलेच, पण ते बहुतांशी लाकडामुळे नव्हे तर बनवताना राहणाऱ्या बारीक तफावतीमुळे होते. मग कारखान्यातून शेकड्यांनी निघणाऱ्या गिटारींचं काय? म्हणून दुकानात एकाच मॉडेलचे दोन नग मागून बघा. त्या दोघांतला फरक हा तुमचा 'नॉइझ'. दोन मॉडेलांतला फरक त्याहून मोठा नसेल, तर मॉडेलबद्दल बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही.

हॉस्टेलवरची दुसरी फेरी

या सगळ्याचं प्रायश्चित्त म्हणून मी हॉस्टेलवर नीट चाचणी घेतली. दोन गिटारी, दोघींना एकाच जाडीच्या नव्या तारा, वाजवणारी मी, ऐकणारी रूममेट पाठ करून बसलेली. आधी 'अ' वाजवायची, मग 'ब', मग दोघींपैकी एक 'क्ष'. क्ष कोणती, ते तिने ओळखायचं. प्रत्येक वेळी नाणं उडवून क्ष ठरवली. दहापैकी सात बरोबर आली! आम्ही खूश.

मग कागदावर हिशेब मांडला. नुसता अंदाज ठोकला तरी दहापैकी सात किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १७६ भागिले १०२४, म्हणजे साधारण १७ टक्के. नऊ किंवा जास्त यायला हवे होते, ती शक्यता मात्र जेमतेम एक टक्का. म्हणजे सातवर पार्टी करण्यासारखं काही नव्हतं. उलट 'फरक नाही' असंही सिद्ध झालं नव्हतं, दहाच प्रयत्नांत ते होतही नाही. आणखी एक भोक आहे. कुठली गिटार हातात आहे ते मला दिसत होतं, त्यामुळे माझ्या वाजवण्यातूनच तिला सुगावा लागू शकत होता. दोन्ही बाजू अंध हव्यात, ते याचसाठी.

'मोल' म्हणजे नक्की काय?

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र वरच्या तिन्हींच्या आधीची होती. मी आवाज मोजत होते आणि त्याला हवी होती शिकता येईल अशी गिटार. प्रश्न ठरवण्याआधीच मी मोजायला बसले. नवशिक्यासाठी 'मोल' मोजायचं तर मी आता हा क्रम लावते:

१. बाराव्या फ्रेटवर तारेची उंची. जाड तार अडीच, बारीक तार दोन मिलिमीटरच्या आसपास. पंधरा सेंटिमीटरची साधी पट्टी पुरते.

२. सूर. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर मोबाईलच्या ट्यूनरवर बघा. दोन्ही जुळायला हवेत. एका अर्धस्वरात १०० सेंट असतात. फरक १५ सेंटच्या पुढे गेला की वरचे कॉर्ड बेसूर लागतात. तार फार उंच असेल तर दाबताना ती ताणली जाते आणि स्वर चढतो, म्हणजे पहिला दोष दुसऱ्यात डोकावतो.

३. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून खरखर येते का, ते पाहणं. कंटाळवाणं काम आहे, पण दहा मिनिटांत होतं.

४. एकूण खर्च. गिटार, पिशवी, तारांचा एक जादा संच आणि सेटअप. किमतीच्या पाटीवर यातलं फक्त पहिलं असतं.

५. आणि मग आवाज. तोही दुसऱ्याकडून वाजवून घेऊन, डोळे मिटून.

वरची फळी सॉलिड हवी की लॅमिनेट, हा प्रश्न नेहमी येतो. सॉलिड फळी एका अखंड लाकडाची, लॅमिनेट म्हणजे पातळ थर चिकटवलेली. आवाजासाठी सॉलिडला मान आहे. पण पुण्यातली एप्रिलची कोरडी हवा आणि जुलैची ओल दोन्ही सोसायची, गिटार खाटेखाली राहणार, तर न तडकणारी लॅमिनेट हीच एखाद्यासाठी जास्त मोलाची ठरते. 'चांगली' हा शब्द 'कुणासाठी, कुठे' हे विचारल्याशिवाय अपुरा आहे.

राहता राहिला ज्युनिअर. गिटार दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे आम्ही गेलो. त्यांनी ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, काढून खालून दोन मिलिमीटर घासली. बारावा फ्रेट तारेच्या मधोमध असल्यामुळे तिथली उंची त्याच्या निम्म्याने, एक मिलिमीटरने उतरली. साडेतीनाचे अडीच! खर्च काहीशे रुपये. आता ती गिटार दारामागे नसते. रात्री अकरानंतरही वाजते, त्याची तक्रार शेजारच्या खोलीवाले माझ्याकडे करतात.

तुमच्या पहिल्या प्रयोगाच्या वहीत पहिल्या पानावर एवढं लिहा: मी काय मोजतोय, आणि ज्याला उत्तर हवंय त्याला तेच हवंय का? मी ते त्या दुकानात शिरण्याआधी लिहायला हवं होतं.