एका अडकलेल्या स्विचची गोष्ट

'जीन' म्हटलं की आपल्याला आधी एफ. सी. रोडवरची जीन्स आठवते! पण मी सांगणार आहे ती एबीएल नावाच्या जनुकाची गोष्ट. हे जनुक तुमच्या-माझ्या प्रत्येकाच्या नवव्या क्रोमोसोमवर असतं. मी इलेक्ट्रॉनिक्सची विद्यार्थिनी, त्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे 'जनुक' आणि 'पेशी' हे शब्द आधी डिक्शनरीत बघितले. वाचत गेले तेव्हा लक्षात आलं की हा विषय समजायला बायॉलॉजीपेक्षा स्विच समजणं जास्त महत्त्वाचं आहे.

एबीएल जनुकावरून पेशी एक एन्झाइम बनवते. त्याचं काम निरोप्याचं. एटीपी या रेणूवरचा एक फॉस्फेट काढायचा आणि दुसऱ्या प्रथिनावर नेऊन लावायचा. फॉस्फेट लागला की त्या प्रथिनाचं काम बदलतं, जणू स्विच दाबला. अशी स्विचेसची साखळी पुढे जात जात पेशीला 'वाढ, एकाच्या दोन हो' असा संदेश पोचतो.

होस्टेलच्या गच्चीवरची टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि पंप बंद होतो. एबीएललाही असा फ्लोट आहे. त्याच्याच रेणूचा एक भाग वळून त्याला बंद ठेवतो.

आता समजा फ्लोटच तुटला तर? क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये नेमकं हेच होतं. १९६० साली फिलाडेल्फियातील दोन संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड क्रोमोसोम दिसला. १९७३ मध्ये जॅनेट राऊली यांनी दाखवलं की नवव्या आणि बाविसाव्या क्रोमोसोमच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यात एबीएल जाऊन बीसीआर या जनुकाला चिकटतं. बंद ठेवणारा भाग गळून पडतो, आणि बीसीआरच्या टोकामुळे हे रेणू एकत्र येऊन एकमेकांना चालू करत राहतात. पंप रात्रंदिवस चालू, पांढऱ्या पेशींचा नुसता पूर!

यावरचा उपाय मला एकदम इंजिनिअरिंगचा वाटतो. एटीपी ज्या खाचेत बसतो त्याच खाचेत बसणारा रेणू तयार केला – इमॅटिनिब. खाच अडली की फॉस्फेट नाही आणि फॉस्फेट नाही म्हणजे निरोप नाही. २००१ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. हे औषध सुरू केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के दहा वर्षांनंतरही हयात होते, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. अर्थात गोळी रोज घ्यावी लागते, बहुतेकांना वर्षानुवर्षं. आणि इथेच खरी अडचण सुरू होते.

नोव्हार्टिस कंपनीच्या या गोळ्यांचा भारतातला खर्च महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. नॅटको, सिप्ला यांसारख्या भारतीय कंपन्यांचं तेच औषध आठ-दहा हजारांत मिळत होतं. नोव्हार्टिसने औषधाच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी इथे पेटंट मागितलं. विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी निकाल दिला. पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार माहीत असलेल्या पदार्थाचं नवं रूप अधिक गुणकारी असल्याशिवाय पेटंट नाही. औषध शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, हा दावा कोर्टाला पुरेसा वाटला नाही.

कंपनीची बाजूही ऐकायला हवी. संशोधनाला पैसा लागतो आणि पुष्कळ रुग्णांना तिने औषध फुकटही दिलं. उद्या आपल्यापैकीच कुणी पेटंटसाठी अर्ज करेल, तेव्हा आपल्यालाही संरक्षण हवंच असेल. पण माझं मत सांगते. जुन्या शोधाला नवा कोट चढवून आणखी वीस वर्षं मागणं वेगळं आणि खरं नवं काही करणं वेगळं.

कारण नव्याची गरज संपलेली नाही. एबीएलच्या साखळीतलं ३१५ व्या जागेचं एकच अमिनो आम्ल बदललं की इमॅटिनिब खाचेत बसेनासं होतं. त्यासाठी पोनॅटिनिबसारखी पुढची औषधं शोधावी लागली. पुढचा स्विच शोधणाऱ्याला पेटंट जरूर मिळो, फक्त ती गोळी पगारदार माणसाच्या खिशाला परवडो, एवढंच!