रोजचं विज्ञान : ब्रेक मागे, उजेड पुढे

गाडीचा ब्रेक दाबावा आणि पुढचे पार्किंगचे दिवे मिणमिणावेत, हा भुताटकीचा प्रकार फायबरच्या हलक्या स्पोर्ट्स कारमध्ये हमखास दिसतो. ब्रिटनमध्ये कर वाचवायला सुट्या भागांत विकली जाणारी १९६२ची लोटस एलान असो, नाहीतर आपल्याकडची रेनॉचं इंजिन असलेली सॅन स्टॉर्म; दोघींची बॉडी फायबरग्लासची.

बॅटरीतून निघालेली वीज दिव्यातून बॅटरीकडे परतावीच लागते. पत्र्याच्या गाडीत परतीची वाट म्हणजे खुद्द बॉडी. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार, म्हणजेच अर्थिंग. मागच्या दिव्यांची ही तार बहुधा एकाच बोल्टखाली आवळलेली असते.

तो बोल्ट गंजला की महामार्ग तुंबल्यावर गाड्या गल्लीबोळात शिरतात तसं होतं. ब्रेकची वीज शेजारच्या टेललॅम्पमधून उलटी शिरते, त्याच्या तारेने पुढे जाते आणि पार्किंगच्या दिव्यातून घरी पोचते. बल्ब बदलून काही साधत नाही, पैसे मात्र जातात.

दिवा लावून मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी दिव्याच्या अर्थिंगला लावावी. आकडा शून्याजवळ हवा; अर्धा व्होल्ट दिसला तरी बोल्ट उघडावा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करावा, घट्ट आवळून वर व्हॅसलिन चोपडावं.

शिरवळ सोडून खंबाटकीचा चढ लागला आणि हेडलाइट लावताच तापमानाचा काटा उडाला, तर रेडिएटरइतकाच संशय अर्थिंगवरही घ्यावा; काट्याच्या विजेलाही परतीची वाट लागतेच.