खाज येऊ द्या, खाजवू नका!

‘धीर धर’ म्हटल्याने कुणाला धीर येत नाही, त्याला सराव लागतो. इगतपुरीच्या धम्मगिरी ध्यानकेंद्रात १९७६ पासून तो करून घेतात. सत्यनारायण गोएंकांनी ब्रह्मदेशातून आणलेली ही विपश्यना. १० दिवसांच्या शिबिरात पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. पुढे येतं ‘अधिष्ठान’: तासभर हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. गुडघा ठणकतो, नाकावर खाज सुटते. खाजवायचं नाही, बघत राहायचं. बऱ्याचदा ती आपोआप विरते! माझ्या मते धीर इथेच मुरतो, प्रवचनात नाही. घरीही सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. नोकरी-संसारात ते कठीणच. शिबिराला फी नाही, जुन्या साधकांच्या दानावर चालतं. नावनोंदणी मात्र वेळेत करा.