उणे बत्तीस हजारावरची विंडो

“अहो, तुमचा प्रोग्रॅम चालू होतो, खाली टास्कबारवर दिसतो, पण वर काहीच येत नाही!” ग्राहकाच्या लेखा विभागातल्या बाई वैतागल्या होत्या. सेटिंग्जची फाइल मागवली. विंडोची जागा: x = -३२०००, y = -३२०००.

विंडोजवर काम केलेल्यांना हा आकडा बघताच उलगडा होतो. मिनिमाइझ केलेली विंडो विंडोज पडद्याबाहेर याच पत्त्यावर नेऊन ठेवते. बाईंनी प्रोग्रॅम मिनिमाइझ असतानाच बंद केला होता. त्याने ती जागा इमानेइतबारे लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिथेच उघडला.

टीममधल्या एका उत्साही पोराने दुपारपर्यंत उपाय काढला: आकडा उणे आला तर शून्य धरायचं. चाचणी पास! त्याच्या टेबलावर मॉनिटर एकच होता, हे वेगळं सांगायला नको. मुख्य मॉनिटरचा वरचा डावा कोपरा म्हणजे (०, ०). दुसरा मॉनिटर त्याच्या डावीकडे मांडला की त्यावरचा प्रत्येक x उणेच येतो. विंडोज ९८ मध्ये एकाहून जास्त मॉनिटरांची सोय आली, तेव्हापासून हे असंच आहे. झालं, डावीकडे मॉनिटर ठेवणाऱ्यांची विंडो रोज सकाळी मुख्य पडद्यावर पळू लागली. त्यांत एक साहेब होते, म्हणून तक्रार लगेच पोचली.

साहेबांचा राइट क्लिकचा मेनूही भलतीकडे उघडायचा. माउसची जागा काढायला कुणीतरी ‘लोवर्ड’ हा मॅक्रो वापरला होता. त्याला उणे चिन्ह कळत नाही. -१० म्हणजे त्याच्या लेखी ६५५२६. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत याबद्दल स्पष्ट इशारा आहे, पण वाचतो कोण?

मग मूळ तक्रारीसाठी विंडोजचं ‘गेटविंडोप्लेसमेंट’ हे फंक्शन आलं. विंडो मिनिमाइझ असली तरी ते तिची मूळ जागा सांगतं. आता सुटलो, असं वाटेपर्यंत तिसरी तक्रार: एका गृहस्थांची विंडो दर वेळी थोडी वर सरकते. अखेर तिची टायटल बारच टास्कबारखाली गेली. ही भानगड मात्र मला मनापासून आवडली. गृहस्थांचा टास्कबार वरच्या कडेला होता. ‘गेटविंडोप्लेसमेंट’चे आकडे टास्कबार वगळून उरलेल्या जागेपासून मोजलेले असतात, आमच्या पोराने ते ‘सेटविंडोपॉस’ला दिले, आणि ते मोजतं पूर्ण पडद्यापासून. दर उघडझापीला टास्कबारच्या उंचीइतका फरक! त्याऐवजी जोडीचंच ‘सेटविंडोप्लेसमेंट’ वापरलं आणि सरकणं थांबलं. शिवाय लॅपटॉपचा बाहेरचा मॉनिटर काढल्यामुळे विंडो पूर्ण पडद्याबाहेर पडणार असेल, तर हे फंक्शन तिला आपणहून आत आणतं.

तुम्ही डेस्कटॉपचे प्रोग्रॅम लिहीत असाल तर एवढं करा: दुसरा मॉनिटर आजच डावीकडे मांडा, विंडोज १० असेल तर टास्कबार वर न्या, आणि चाचणी चालू असताना मधूनच केबल उपटा.