नटाची लेखणी

विनोदी नटाविषयीं सुशिक्षित घरांतून एक समज फार दिवसांपासून चालत आलेला आहे. जो लोकांना हसवितो तो रंगभूमीवरच शोभतो. त्याच्या हातीं लेखणी देण्याचें कारण नाहीं, असा तो समज. त्यानें लेखणी धरलीच, तर नाटकांतल्या कोट्याच तो कागदावर उतरवील असें गृहीत धरलें जातें. त्यांतून त्यानें मुलांचीं साहसें, रोजनिशी, पत्रव्यवहार, क्रिकेटच्या गमती असे लोकप्रिय साचे निवडले, म्हणजे ‘वेळ घालविण्याचें साधन’ एवढा शिक्का मारून पुस्तक बाजूस ठेवावयास मंडळी मोकळी होतात. हा समज कितपत खरा आहे, हें पडताळून पाहण्यास मराठींत एक चांगलें उदाहरण आहे. तें म्हणजे श्री. दिलीप प्रभावळकर यांचें.

प्रभावळकर यांचा जन्म ४ ऑगस्ट १९४४ रोजीं मुंबईस झाला. शिक्षण विज्ञानशाखेचें, आणि पुढें नोकरी औषधांच्या धंद्यांतील. नाटकाचा नाद मात्र तेव्हांपासूनच होता. रत्नाकर मतकरी यांनीं १९६२ मध्यें मुलांच्या नाटकांसाठीं ‘बालनाट्य’ ही संस्था सुरू केली. मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ नाटकांत प्रभावळकरांनीं रंगविलेली चेटकीण मुलांच्या दोन पिढ्यांना आठवते. पुरुषानें स्त्रीचें सोंग घ्यावें, तेंही चेटकिणीचें, आणि समोर बसलेल्या पोरांना एकाच वेळीं भिववावें व हसवावें, हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. भीति थोडी अधिक झाली तर मूल रडूं लागतें. हसूं थोडें अधिक झालें तर चेटकीण उरतच नाहीं. हा तोल सांभाळण्याची शिकवण त्यांना तेथें मिळाली, आणि ती पुढें लेखनांतही उपयोगी पडली.

त्यानंतर मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ आले. मूळ चिमणराव चिं. वि. जोशी यांचे. चिं. वि. (१८९२–१९६३) हे बडोद्यास पालि भाषेचे अध्यापक होते; त्यांच्या लेखणींतून उतरलेला हा भिडस्त गृहस्थ आणि त्याचा आडदांड मावसभाऊ गुंड्याभाऊ ही जोडी मराठी घरांतील माणसेंच होऊन बसली होती. १९४० च्या ‘लग्न पहावं करून’ या बोलपटांत दामूअण्णा मालवणकर व विष्णुपंत जोग यांनीं ती पडद्यावर आणली होती. १९७० नंतरच्या दशकांत दूरदर्शनवर प्रभावळकर चिमणराव झाले व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, चिमणराव स्वतः कधींच विनोद करीत नाहींत. ते अगदीं गंभीरपणें आपली हकीकत सांगतात. हसतो तो वाचक. स्वतःविषयीं पुरतें न उमगलेला माणूस प्रामाणिकपणें बोलूं लागला म्हणजे विनोद आपोआप निर्माण होतो, हें मर्म चिं. विं.च्या वाचकाला जितकें कळतें, त्याहून चिमणरावांचा अंगरखा घालून उभ्या राहिलेल्या नटाला अधिक कळणें स्वाभाविक आहे.

प्रभावळकरांच्या लेखनाची किल्ली याच ठिकाणीं आहे. ते लेखक म्हणून एका बाजूस उभे राहून पात्रांची थट्टा करीत नाहींत. ते पात्राच्या अंगांत शिरतात, त्याच्या आवाजांत बोलतात, आणि त्याला जेवढें दिसतें तेवढेंच पाहतात. रंगभूमीवर हेंच काम त्यांनीं ‘हसवाफसवी’ या स्वतःच लिहिलेल्या नाटकांत केलें. त्यांत एकच नट सहा निरनिराळ्या व्यक्ति उभ्या करतो, आणि अखेरीस संगीत रंगभूमीच्या वैभवकाळांतून उरलेले वृद्ध नट कृष्णराव हेरंबकर येतात, तेव्हां हसणारें नाट्यगृह एकाएकीं गप्प होतें. त्यांच्या पुस्तकांना कागदावरच्या भूमिका म्हटलें तर वावगें होणार नाहीं.

‘बोक्या सातबंडे’ या मुलांच्या मालिकेचा जन्म आकाशवाणीवर झाला, ही गोष्ट या दृष्टीनें महत्त्वाची आहे. रेडिओवर चेहरा नसतो, पोषाख नसतो, नेपथ्य नसतें. पात्र पहिल्या एकदोन वाक्यांतच ओळखूं यावें लागतें. नाहीं तर ऐकणारें मूल उठून खेळावयास जातें. वेळ ठरलेला असल्यामुळें गोष्ट त्या वेळांत सुरू होऊन संपावी लागते. ज्याला आपण साचा म्हणून हिणवितों, तो बहुधा अशा अडचणींतूनच घडलेला असतो. बोक्या हा शहरांत राहणारा, खोड्या करणारा, पण मनानें निर्मळ असा मुलगा. त्याच्या हातून गोंधळ होतो तो बहुतेक वेळां दुसऱ्याचें भलें करावयास गेल्यामुळें होतो. आणि त्या गोंधळांत मोठ्या माणसांचा खोटेपणा उघडा पडतो. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे यांच्या घराण्यांतलाच हा मुलगा. परंतु त्याचें बोलणें ऐकण्यासाठीं घडविलेलें असल्यामुळें आईनें वा आजोबांनीं मोठ्यानें वाचून दाखवितांना तें विशेष रंगतें. पुढें त्याचीं पुस्तकें झालीं आणि २००९ मध्यें त्याच्यावर चित्रपटही निघाला.

दुसरें पुस्तक ‘अनुदिनी’. हें प्रथम वृत्तपत्रांतील सदराच्या रूपानें लिहिलें गेलें. टिपरे कुटुंबांतील माणसें आपापली रोजनिशी लिहितात, एवढीच त्याची मांडणी. या साच्याची करामत कशांत आहे, तें एका काल्पनिक उदाहरणावरून समजेल. समजा, घरांतल्या आजोबांचा चष्मा हरवला. आजोबा लिहितील कीं, या घरांत कोणतीही वस्तु जागेवर राहत नाहीं. सून लिहील कीं, कोणी शब्दानें दोष दिला नाहीं, पण सारें स्वयंपाकघर मात्र तिलाच उलथेंपालथें करावें लागलें. नातू लिहील कीं, चष्म्याच्या भिंगानें कागद जाळण्याचा प्रयोग छान झाला, आणि चष्मा सापडतांच सर्वांना एवढा आनंद झाला कीं खरें सांगण्याची जरुरीच उरली नाहीं. तिघांपैकीं एकही खोटें बोललेला नाहीं. तरीही संपूर्ण सत्य एकट्या वाचकाच्याच हातीं आहे. त्या जाणिवेनें तो हसतो. आणि पुस्तक मिटल्यावर त्याच्या मनांत येतें, ‘आपल्या घरांत कोण काय लिहीत असेल?’ ही शंका मनांत उत्पन्न करणारें पुस्तक केवळ करमणुकीचें कसें म्हणावें?

याच पुस्तकावरून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही दूरचित्रवाणी मालिका निघाली. केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखालीं ती २००१ पासून २००४ पर्यंत चालली, आणि आबांची भूमिका लेखकानेंच केली. आबा, मुलगा शेखर, सून श्यामला आणि नातवंडें शलाका व शिऱ्या एवढेंच तें घर. त्यांत कटकारस्थान नव्हतें, कोणी कोणास विष घातलें नाहीं, आणि तरी लोक आठवडाभर त्या घराची वाट पाहत.

असा प्रकार मराठींतच घडला असें नाहीं. इंग्लंडांत सू टाउनसेंड (१९४६–२०१४) या लेखिकेचा एड्रियन मोल नांवाचा रोजनिशी लिहिणारा मुलगाही १९८२ मध्यें प्रथम बी.बी.सी.च्या रेडिओवर बोलला आणि त्याच वर्षीं पुस्तकरूपानें आला. मुलगा आपल्याला मोठा विचारवंत समजतो, आणि त्याच्या आईबापांचा संसार मोडूं लागलेला त्याच्या आधीं वाचकाला दिसतो. ह्यू लॉरी या विनोदी नटानें १९९६ मध्यें ‘द गन सेलर’ ही हेरगिरीची कादंबरी लिहिली, ती त्या जातीच्या कथांची थट्टाही करते आणि त्यांच्यावरचें प्रेमही लपवीत नाहीं. नटाला लोकप्रिय साच्यांचें वावडें नसतें, याचें कारण उघड आहे. मुखवटा उसना असला तरी त्यामागचा आवाज आपलाच लागतो, हें तो रोज अनुभवीत असतो.

प्रभावळकरांनाही लोकांच्या आवडीनिवडींचें कधीं वावडें वाटलें नाहीं. क्रिकेटच्या वेडावर त्यांनीं ‘गुगली’ लिहिली. ती क्रिकेटचा तिटकारा असलेल्या माणसाला लिहितां आली नसती. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटांत त्यांनीं तात्या विंचू हा गुंड रंगविला. त्याचा आत्मा बोलक्या बाहुल्यांचा खेळ करणाऱ्याच्या बाहुल्यांत शिरतो, ही कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन भयपटावरून आलेली. पण बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा, आणि भाषा अस्सल इथली. तोच नट २००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ मध्यें महात्मा गांधी झाला, आणि त्या वर्षीं त्याला सहायक अभिनेत्याचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. ज्यानें तात्या विंचूचें सोंग मन लावून केलें, त्यालाच गांधीजींचें सोंगही मन लावून करतां आलें.

या लेखनाविरुद्ध जें म्हणतां येईल, तेंही म्हटलें पाहिजे. सदरासाठीं ठराविक दिवशीं ठराविक मजकूर द्यावा लागतो. त्यामुळें कांहीं प्रसंग घाईनें गुंडाळले जातात आणि कांहीं लकबी पुनःपुन्हां येतात. याहून मोठी मर्यादा अशी कीं, टिपरे आणि सातबंडे हीं दोन्ही घरें शहरी नोकरदारांचीं आहेत. महाराष्ट्रांतील सगळींच घरें तशीं नाहींत.

या मर्यादेचा अर्थ नीट समजण्यासाठीं मुंबईच्या खाडीपलीकडे पाहावें. ठाणें-वाशी रेल्वेमार्गावर घणसोली हें स्थानक २००४ मध्यें सुरू झालें, पण घणसोली गांव त्याच्या पुष्कळ आधींपासून तेथें आहे. आगरी-कोळी लोकांची ती जुनी वस्ती. १९७० मध्यें सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठीं गांवोगांवच्या जमिनी संपादन झाल्या, आणि १९९२ मध्यें महानगरपालिका आली. आतां गांवठाणाच्या अरुंद गल्ल्यांलगत उंच इमारतींचा उपनगरी भाग उभा आहे. अशा गांवांत एकाच छपराखालीं तीन पिढ्या तीन निरनिराळ्या जगांत वावरतात. आजीला भाताचें खाचर आणि खाडी आठवते. मुलगा कामावर जाण्यासाठीं गाडी पकडतो. नात इंग्रजी शाळेंत जाते आणि आजीची आगरी बोली तिला समजते, पण शाळेंत ती बोलावयास लाजते. टिपऱ्यांच्या घरांत पिढ्यांमधील अंतर होतें. येथें तर भाषेचें आणि भूमीचेंही अंतर आहे. या आजीची रोजनिशी मराठींत कोणी लिहिली आहे काय?

लोकप्रिय साचा उपयोगी ठरतो तो अशा ठिकाणीं. भारदस्त कादंबरी लिहावयास फार मोठी तयारी लागते, आणि ती लिहिण्याच्या कल्पनेनेंच पुष्कळांची लेखणी थबकते. रोजनिशीला मात्र एक वही आणि एक आवाज पुरतो. तो आवाज दुसऱ्याचा असावा, आणि लिहितांना त्याच्याशीं इमान राखावें, एवढीच अट. नातीनें एक दिवस स्वतःची नव्हे, तर आजीची रोजनिशी आजीच्या बोलींत लिहून पाहिली, तर दुसऱ्याच दिवशीं तिला आजीला कांहीं प्रश्न विचारावे लागतील: भरतीचें पाणी कोठवर येई, बाजारास कशानें जात, जमीन गेली त्या दिवशीं घरांत चूल पेटली होती कीं नाहीं. नाटकाच्या तालमींत नट हेंच करतो. आपल्याला ठाऊक नसलेला माणूस त्याला विचारपूस करूनच उभा करावा लागतो.

आज पुष्कळ घरांतून तक्रार ऐकूं येते कीं, मुलें मराठी वाचीत नाहींत. तक्रार खरी आहे. पण वाचनाची सुरुवात जड ग्रंथापासून व्हावी हा आग्रहही तिच्या कारणांपैकीं एक आहे. जें मूल बोक्याच्या गोंधळाला हसलें, तें उद्यां चिमणरावांकडे जाईल, परवां आणखी पुढें जाईल. न हसलेलें मूल मात्र कोठेंच जाणार नाहीं. प्रभावळकरांनीं वयाच्या उत्तरार्धांत ‘पत्रापत्री’ हें दोन मित्रांच्या पत्रव्यवहाराचें पुस्तक लिहिलें, आणि विजय केंकरे यांच्यासह त्याचा रंगमंचीय प्रयोगही केला. पत्रें लिहिण्याची चाल जवळजवळ संपली असतां दोन माणसांनीं पत्रें वाचावींत आणि लोकांनीं तीं ऐकावयास तिकिटें काढून यावें, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. आठवड्यांतून एक संध्याकाळ घरांतील थोरामोठ्यांनीं असें एखादें पुस्तक मोठ्यानें वाचावें आणि वाचनाची पाळी पुढच्या खेपेस मुलांकडे द्यावी. शब्द अडखळले तरी चालतील. आवाज घरांतला असला म्हणजे झालें.