पुरुषांची सभा आणि मुलींच्या शाळा

विद्यार्थ्यांचें मंडळ म्हटलें म्हणजे चहा, गप्पा आणि निवडणुकीची चुरस एवढेंच चित्र आमच्या पेठेंतील मंडळींच्या डोळ्यांपुढें येतें. व तें सर्वस्वी खोटें आहे असें आम्हांसहि म्हणवत नाहीं. म्हणूनच एका जुन्या मंडळाची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

इ. स. 1848 च्या जून महिन्यांत मुंबईच्या एल्फिन्स्टन विद्यालयांत प्रो. पॅटन यांच्या उत्तेजनानें ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली. मुंबई विद्यापीठ निघावयास अद्याप नऊ वर्षें होतीं. निबंध वाचावा, त्यावर वाद करावा, असा सभेचा क्रम. सभासद सारे पुरुष, कारण विद्यालयांत मुलीच नव्हत्या. लौकरच मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठीचें अध्यक्षपद दादोबा पांडुरंगांकडे होतें.

येथवर कोणत्याहि विद्वत्सभेचा इतिहास असाच. परंतु स्त्रीशिक्षणावर बोलतां बोलतां या तरुणांस नुसत्या बोलण्याचीच लाज वाटूं लागली असावी. 1849 मध्यें त्यांनीं मुलींच्या शाळा उघडल्या. मास्तर कोण? तेच सभासद, आणि तेहि बिनपगारी! दादाभाई नौरोजी त्यांतलेच. घरोघर जाऊन मुली मागतांना वडीलधाऱ्यांचा रोष सोसावा लागला. आरंभीं 44 पारशी व 24 हिंदू मुली मिळाल्या. जगन्नाथ शंकरशेटांसारख्या धनिकानें पाठ राखली, ही गोष्ट आमच्या व्यापारी वाचकांनीं विशेष ध्यानांत घ्यावी.

या सभेची उणीवहि सांगितली पाहिजे. पुण्यांत जोतीराव फुले यांनीं 1848 मध्येंच शाळा काढली, व तेथें शिकवावयास सावित्रीबाई उभ्या राहिल्या. मुंबईच्या सभेंत मुलींविषयीं निर्णय घेणारे मात्र पुरुषच. विद्यापीठानें स्त्रियांस पदवीचें दार उघडलें तें 1883 सालीं.

आमचा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामी अमलांत होता. त्या राज्यांतहि उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांतील तरुणांनीं 1938 मध्यें ‘वंदे मातरम्’साठीं हकालपट्टी पत्करली, त्यांतील अनेकांस नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. तेव्हां आमच्या प्रांतांतील पोरांत धमक नाहीं, असें कोणीं म्हणूं नये.

मग ती धमक आज कोठें आहे? 2011 च्या शिरगणतींत जिल्ह्यांत सहा वर्षांच्या आंतील हजार मुलांमागें मुली अवघ्या 807 निघाल्या. ज्या जन्मल्या, त्यांपैकीं ऊसतोड कुटुंबांतील कित्येकींची शाळा आईबापांबरोबर फडावर जाण्यानें तुटते, आणि मागें एकटी कशी ठेवावी म्हणून वयाआधींच लग्न उरकलें जातें. आमच्या कॉलेजांतील मंडळें वर्गणी मागावयास पेढीवर येतात. दुकानदारांनीं पावती घेण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: यंदा गांवांत राहूं शकतील अशा किती मुलींची राहण्याची, जेवणाची व संध्याकाळच्या अभ्यासाची सोय तुम्हीं केली? उत्तर मिळाल्यास वर्गणी दुप्पट द्यावी. दिवाळीच्या सुमारास तोडणीच्या टोळ्या निघतात; शाळेचें दुसरें सत्रहि तेव्हांच सुरू होतें.